वेणीचा फोटो

शुक्रवार पेठ, सोलापूर
११ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का हिस,
निवेदिताचा नमस्कार, शरणु शरणार्थी.

इकडं सगळं बरं आहे. भाऊजींचा गुडघा कसा आहे? तुरीची रास झाली का? फोन सोडून पत्र लिहितेय, कारण घर दोन खोल्यांचं आणि आईला ऐकू मात्र सगळं येतं.

तिची तब्येत तशीच आहे. उजवा हात अजून उठत नाही. झटका आल्यापासून मराठी मागं पडलीय, तोंडात कन्नडच जास्त येतं.

एक आनंदाची बातमी. पुण्याच्या एका प्रदर्शनात माझा फोटो निवडला गेला. तुला ठाऊकच आहे, स्टुडिओत लग्नं, बारशी आणि पासपोर्टचे फोटो, एवढंच उरलं होतं. स्वतःसाठी काही टिपावं असं वाटणंच बंद झालं होतं. कॅमेरा हातात असायचा, मन कशावर ठरत नव्हतं.

मग एका दुपारी आई आरशासमोर बसून एका हातानं वेणी घालत होती. एक पेड दातांत धरलेला, खिडकीतलं ऊन केसांवर. अक्का, लई वर्षांनी अंगावर काटा आला. मी कॅमेरा उचलला. आरशात तिनं मला पाहिलं.

"ब्याड," म्हणाली.

नको म्हणाली, आणि मी बटण दाबलं.

तोच फोटो निवडलाय.

मी मोठ्या हौसेनं तिला दाखवायला गेले. तिनं बराच वेळ पाहिला. वाकडं झालेलं तोंड, ढळलेला पदर, दातांत केस. मग मराठीत, एकेक शब्द शोधत म्हणाली, "वेणी घालून द्यायची सोडून..." पुढचं सापडेना. डोळे मिटून घेतले तिनं.

तेव्हापासून ती मला केसांना हात लावू देत नाही. शेजारच्या यशोदाकाकू येऊन विंचरतात. मी स्वयंपाकघरात उभी राहते.

काल पुण्याला फोन करून मी फोटो परत घेतला. तिकडच्या बाई हळहळल्या. आईला सांगितलं, तर म्हणाली, "दुधनी." एवढंच. तुझ्याकडं यायचंय तिला.

खरं सांगू? आज दुपारी ती खिडकीत बसली होती. माझी नजर आधी उन्हाकडं गेली, मग आईकडं. याचीच मला भीती वाटते. इतक्या वर्षांनी हात पुन्हा जागा झाला, तो तिच्या दुखण्यावर. तो मला गमावायचा नाही, आणि तिलाही.

म्हणून रविवारी गाडी घेऊन ये आणि तिला ने. पिशवी भरून ठेवलीय, गोळ्या कशा द्यायच्या ते समोरासमोर सांगेन. तिनं बोलावल्याशिवाय मी दुधनीला येणार नाही. तू मात्र तिला अधूनमधून विचारत राहा की, निवेदिताला बोलवू का म्हणून.

तुझी, आणि ती म्हणेल तर तिचीही,
निवेदिता