हिरव्या नळीतली बुजवलेली भोकं

बाबा,

झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. चंद्राचे फोटो काढायचं ठरवलं. त्यासाठी नवी दुर्बीण न घेता तुमचीच पुण्याहून इथे आणली.
२. तिच्याखाली ठेवायला चंद्राबरोबर फिरणारा मोटारवाला स्टँड विकत घेतला.
३. काल, रविवारी संध्याकाळी, आमच्या ब्लॉकशेजारच्या कारपार्कच्या गच्चीवर सगळं जोडलं. डोळ्याने चंद्र स्वच्छ दिसला. कॅमेऱ्यात नुसता पांढरा डाग आला.
४. घरी येऊन आरसा नळीतून बाहेर काढला.
५. नळीत तीन बुजवलेली भोकं सापडली.

हे पत्र पाचव्या मुद्द्यासाठी आहे. पण तुम्ही मधल्या पायऱ्या गाळलेलं उत्तर कधी तपासून दिलं नाहीत, म्हणून त्या आधी लिहिते.

कुठलंही अवजार घ्यायचं म्हटलं की तुम्ही आधी विचारायचात, काम काय आहे. इथल्या दुकानदारानेही नेमकं तेच विचारलं. पन्नाशीचा, बारीक, घाई न करणारा माणूस. मी म्हटलं, फोटोग्राफी शिकायची आहे, सुरुवात चंद्रापासून. त्याने सहा इंची आरशाची आखूड नळी दाखवली. वजनाला हलकी, वाऱ्यात कमी हलते आणि कॅमेरा लावला की थेट फोकस होतो. नवशिक्याने हीच घ्यावी, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते बरोबर होतं. मी दोन दिवस विचार केला. आखूड नळी अंधाऱ्या आकाशातल्या पुसट, पसरट गोष्टींसाठी चांगली. चोआ चू कांगमध्ये, माझ्या या वस्तीत, रात्रीचं आकाश दिव्यांनी नारिंगी असतं. पुसट गोष्टी दिसण्याचा प्रश्नच नाही. इथे चंद्र आणि ग्रह, आणि त्यांना लांब नळी चालते. तुमच्या आरशाचं नाभीय अंतर बाराशे मिलिमीटर. त्यातून चंद्राची प्रतिमा अकरा मिलिमीटरची पडते आणि माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर पंधरा उंच आहे. चंद्र पूर्ण मावतो, भोवती जागाही राहते. तेव्हा सगळे पैसे स्टँडवर घालायचे आणि नळी घरचीच वापरायची, असा निर्णय झाला. फोटोमध्ये आरशाआधी स्टँड महत्त्वाचा, हे दुकानदारालाही पटलं. फक्त नळी कुठल्या कंपनीची, असं त्याने विचारलं तेव्हा मी सांगितलं, धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या पत्रेवाल्याने वळवून दिली आहे. मग त्याने स्टँड मोठ्या मापाचा काढला.

आणताना नळी बबल रॅपमध्ये गुंडाळून सामानात टाकली. आरसा, त्यावर पुन्हा ॲल्युमिनियमचा थर चढवून घेऊन, आईच्या सुती साडीत बांधून हातात. विमानतळावर सुरक्षा तपासणीतल्या बाईने साडी सोडली, आरशात आपला चेहरा प्रचंड मोठा बघितला, टिकली सरळ केली आणि जा म्हणाली.

तो आरसा घासला जात होता तेव्हा मी अकरा वर्षांची होते. स्वयंपाकघरात रॉकेलचं रिकामं पिंप, त्यावर एक काच पक्की बसवलेली, तिच्यावर दुसरी काच, मधे पाणी आणि काळी खरखरीत पूड. तुम्ही वरची काच पुढेमागे ढकलत पिंपाभोवती फिरता आहात. थोडं ढकलायचं, एक पाऊल सरकायचं, पुन्हा ढकलायचं. कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासून घरी आल्यावर हे. आई गॅसपाशी उभी आहे आणि तुमची फेरी तिच्या पाठीमागून गेली की लाटणं थांबवते. पोळीत कचकच लागते, असं तिने एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा तुमच्या ताटात कुंकवाच्या करंडीएवढी काळी पूड वाढली. तुम्ही हसलात आणि दुसऱ्या दिवसापासून पिंपाला जुनी चादर गुंडाळायला लागलात.

मला आठवतो तो आरसा तपासायचा दिवस. बोळकांडीत दारं लावून अंधार केलेला, एका टोकाला आरसा, दुसऱ्या टोकाला भोक पाडलेल्या डब्यातला दिवा आणि दाढीचं पातं. पात्याच्या कडेवरून बघितलं की काचेवरची सावली दिसते आणि काच कुठे उंच, कुठे खोल ते कळतं. तुम्ही म्हणालात, जा, आरशावर अंगठा टेकव, दहा मोज आणि परत ये. मी आले, पात्यापाशी डोळा लावला. माझा अंगठा होता तिथे काचेला टेंगूळ आलं होतं. माझ्या हाताच्या उबेने काच सुजली होती. बघता बघता ते टेंगूळ बसलं. त्यानंतर मी पुष्कळ उपकरणं हाताळली. आता जुरोंग आयलंडवरच्या रसायनांच्या प्लांटमध्ये तेच काम करते. पण मोजमाप म्हणजे काय हे मला त्या बोळकांडीत कळलं, आणि इतका आनंद पुन्हा कुठल्या मोजमापाने झाला असेल तर तो कालच.

त्याच दिवशी बोलणीही खाल्ली होती. टेंगूळ केवढं होतं, असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, अंदाजे एवढं. तुम्ही दिवा बंद केलात.

"अंदाजे हा आकडा नाही," तुम्ही म्हणालात. "माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं."

हे वाक्य मी ऑफिसात दोघातिघांना ऐकवलं आहे. त्यामुळे मी तिथे फारशी लोकप्रिय नाही.

आता काल. स्टँडच्या पुस्तकात लिहिलं होतं की तिवईचा एक पाय उत्तरेकडे ठेवा. मी ठेवला. पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावात ध्रुवतारा उंच असणार. इथे तो क्षितिजावर, म्हणजे समोरच्या ब्लॉकच्या मागे, त्यामुळे स्टँडचा आस जवळजवळ आडवाच करावा लागतो. मोटार सुरू केली आणि नळीचा तोल सांभाळणारं वजन फिरत येऊन त्या उत्तरेच्या पायावर टण्कन आदळलं. गच्चीवर रोज संध्याकाळी चालायला येणारी शेजारची चिनी आंटी थांबली. मी तिवई उलटी फिरवली, एक पाय दक्षिणेला, म्हणजे वजन उरलेल्या दोन पायांच्या मधून जाईल. गेलं. आंटीने मान डोलावली, जणू हे तिनेच सुचवलं होतं. मग तिने भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"मून ऑल्सो गॉट पिंपल, आह?"

मी सांगितलं की ती विवरं आहेत आणि आरसा माझ्या वडिलांनी हाताने घासून केला आहे.

"बाय हॅन्ड? डोन्ट ब्लफ, लाह."

तिने पुन्हा बघितलं. मग मैत्रिणीला फोन करून वर बोलावलं आणि दोघींनी आळीपाळीने अर्धा चंद्र बघितला. मी कॅमेरा लावेपर्यंत गच्चीवर छोटीशी रांग लागली होती. कॅमेऱ्यात मात्र पांढरा डाग. फोकसचं नळकांडं पूर्ण आत घेतलं तरी डाग. कारण घरी आल्यावर कागदावर कळलं. सेन्सर कॅमेऱ्याच्या पोटात असतो, म्हणून प्रतिमा नळीच्या आणखी बाहेर पडायला हवी. त्यासाठी आरसा नळीत वर सरकवायचा, सुमारे त्रेचाळीस मिलिमीटर. म्हणजे आरशाच्या बैठकीच्या स्क्रूंसाठी तीन नवी भोकं पाडायची. तुमच्या नळीला भोकं पाडायची या विचाराने मला जेवण गेलं नाही, हे इथे नोंदवते.

आरसा काढला, टॉर्च घेऊन आत बघितलं. आतल्या काळ्या रंगाखाली तीन गोल उंचवटे. वितळवलेल्या धातूचा डाख देऊन बुजवलेली भोकं, बाहेरून आपल्या फाटकाच्या उरलेल्या हिरव्या रंगाने झाकलेली. मी पट्टी लावली. आत्ताच्या भोकांपासून चव्वेचाळीस मिलिमीटर वर.

मी आईला फोन केला. तिला सगळं आठवत होतं. म्हणाली, "आरसा अजून घासून व्हायचा होता आणि हे भोकं पाडून मोकळे. अजून खोल होईल असं धरून चालले होते, तो झालाच नाही. मी विचारलं तर म्हणे, डिझाइन बदललंय. दोन दिवस धड बोलले नाहीत. आणि तुला सांगायचं नाही म्हणाले, पोरगी अंदाजे म्हणायला लागेल."

आरसा जितका खोल, तितका तो नळीत वर बसवावा लागतो; तुमची भोकं वर पडली ती म्हणून. मी फोनवर इतकी हसले की आईने विचारलं, बरी आहेस ना.

बाबा, म्हणजे तुमचा तेव्हाचा अंदाज माझ्या आजच्या कॅमेऱ्याला एका मिलिमीटरच्या फरकाने बसतो आहे. एक मिलिमीटर फोकसच्या नळकांड्यात सहज भरून निघतो. नवी भोकं लागणारच नाहीत. तुमचीच उघडायची आहेत. पण ती तुम्ही झाकली होती, मुद्दाम, माझ्यापासून, आणि उघडायची तर तुमचं मत हवं. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होऊन गेली तरी मला हे तुम्हाला न विचारता करवत नाही.

आमच्या प्लांटमध्ये कुठलाही पाइप, कुठलाही व्हॉल्व्ह बदलण्याआधी सगळ्यांना सूचना जाते. हरकत असेल तर अमुक दिवसापर्यंत कळवा, न कळवल्यास संमती धरली जाईल. मी अशा खूप सूचना काढल्या आहेत आणि दर वेळी कुणाची हरकत येऊ नये असंच मनात म्हटलं आहे. ही सूचना कुठे जाणार नाही. छापून दुर्बिणीच्या खोक्यात ठेवते आहे. आणि या एकाच वेळी हरकत यावी असं वाटतं आहे. लांबलचक, आकड्यांसकट.

ड्रिल आणून ठेवलं आहे. परवा बुधवारी कंपनीची बस साडेसहाला सोडते आणि चंद्र तेव्हा पूर्वेला चांगला वर असेल. आंटी मैत्रिणींना घेऊन येणार आहे.

तरी भोकं उघडायला तुमची हरकत असल्यास बुधवारी संध्याकाळी सात वाजेपर्यंत कळवावं.