दुसरा हात

ट्यूनिस, १४ मार्च

प्रिय सोंदोस,

सलाम आणि खूप आठवण. आईचे गुडघे कसे आहेत? गाबेसच्या शाळेत तू विज्ञान शिकवतेस, असं आपल्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ मुनिराकडून कळलं. इथे पाऊस लांबलाय. मी मजेत आहे, असं लिहिणार होते. पण नऊ दिवस धड जेवले नाही. काल मुनिराने छोल्यांच्या गरम लबलाबीचा वाडगा समोर आदळला. “खा मुकाट्यानं, नाहीतर डोक्यावर ओतते!”

पेशीत माल वाहून नेणारं आपलं प्रथिन तू विसरली नसशील. ते दोन हातांनी ओझं धरतं, असं मी छापलं आणि नाव कमावलं. तू म्हणालीस, “मॅडम, दुसरा हात नाहीच. आपण संगणकाला आधीच दोन हातांचा नमुना दाखवतो, म्हणून तो सूक्ष्मदर्शकाच्या धूसर फोटोंतूनही दोनच काढतो.”

“दिसत नसेल तर चष्मा बदल,” मी सगळ्यांदेखत म्हटलं. सगळे हसले.

नऊ दिवसांपूर्वी एका भाषणासाठी तेच जुने फोटो बाहेर काढले, आणि नमुना न देता संगणक चालवला. एकच हात. पुन्हा चालवला. रोज चालवतेय.

तुला वाटेल, बाईला आत्ता कळलं. तेवढंच लिहून थांबावं म्हणून तीन पत्रं लिहिली, तिन्ही फाडली. सोंदोस, तू बोललीस त्याच दुपारी दार लावून मी हे करून पाहिलं होतं. तेव्हाही एकच हात आला. मी ती फाइल पुसली, आणि आठवड्याभरात तुला कामावरून काढलं.

आज सकाळी नियतकालिकाला कळवलं: निबंध मागे घ्या, चूक सोंदोसने सहा वर्षांपूर्वी दाखवली, मी लपवली.

संचालक हेदी वैतागले. “नुसती चूक झाली म्हण ना, नजिया! निवृत्तीला दोन वर्षं उरलीत!”

“नुसती चूक असती, तर ती पोरगी आज इथे असती.”

मी बाहेर येऊन जिन्यातच बसले.

सोबत एक शिफारसपत्र आहे. तू मागायला आली होतीस, तेव्हा मी दारातूनच परत पाठवलं होतं. तुला का काढलं, ते त्यात खरं लिहिलंय. कुठे अर्ज केलास तर जोड, नाहीतर फाडून टाक. उत्तर मागायचा मला हक्क नाही. तरी टपाल आलं की मी उठून बघणारच.

तुझं बरोबर उत्तर पुसणारी,
नजिया