दोन-दोन गोळ्या

आबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आज मला तुमच्यावर ओरडायचंय.

सकाळी नांदेडात दवाखान्यामागच्या नाल्यावर गेले होते. दोरीला बाटली बांधून सांडपाणी घ्यायचं, बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत आणायचं आणि त्यातल्या जंतूंवर एकेक औषध टाकून बघायचं, हे माझं काम. मरत नाहीत हो, आबा! डॉक्टर अगदी शेवटी काढतात त्या इंजेक्शनालाही दाद देत नाहीत. तिसऱ्यांदा अहवाल लिहिला. साहेबांनी न वाचताच बाजूला सारला. म्हणाले, "मॅडम, नाल्याचं पाणी पितंय कोण? उगं घबराट करून राहिलात." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. अहो, नाल्यात येतं ते माणसांच्याच पोटातून ना? उद्या एखाद्या बाळंतिणीला ताप चढला, तर तिला देणार काय, कप्पाळ?

आणि तिथंच मला तुमची कात्री आठवली. नायगावातलं आपलं औषधांचं दुकान, बाजाराचा दिवस, ही गर्दी. कोणीतरी म्हणतंय, "मालक, लई जोरदार गोळी द्या. दोनच द्या, कामावर जायचंय." तुम्ही चिठ्ठी विचारत नाही, कचकन पट्टी कापता. मी नुकतीच कॉलेजात शिकायला लागलेली. मी म्हणाले, "आबा, पूर्ण पाच दिवसांच्या द्या. अर्धवट औषधानं जंतू निर्ढावतात." सगळ्या गिऱ्हाइकांसमोर खेकसलात, "हाव, तूच लई शहाणी! माणूस उठून कामाला लागला न्हाई का?" लागायचा. म्हणून तर सगळे तुम्हाला देवमाणूस म्हणायचे. मग तुमच्याच पायाची जखम चिघळली. लातूरच्या डॉक्टरांनी औषधांवर औषधं बदलली, एकही लागू पडलं नाही.

उद्या अहवाल घेऊन मी वरच्या साहेबांकडे जाणार आहे. नोकरी गेली तर गेली. पण आईलाही न सांगितलेलं एक तुम्हाला सांगते. जखमेच्या सुरुवातीला डॉक्टरांनी तुम्हाला सात दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, तुम्ही म्हणालात, "बास आता." मी एका शब्दानं अडवलं नाही. उरलेली पट्टी दुकानात नेली, तुमच्याच कात्रीनं कापली आणि दोन-दोन करून गिऱ्हाइकांना दिली.