मगरीचं गुळगुळीत डोकं

मॅडम, आज ठाण्यातल्या एका मॉलमध्ये तुमची मगर बघितली आणि मला अक्षरशः शिसारी आली. तुमची म्हणजे तीच, डायनोसॉरच्या काळात समुद्रात राहणारी, आजच्या मगरींची लांबची नातेवाईक, जिच्यासाठी तुम्ही कल्याणच्या कॉलेजात आमचे तास न् तास घेतलेत. आता मीही तेच शिकवते, म्हणून माझ्या वर्गाला घेऊन गेले होते. सरकत्या जिन्याखाली, आइस्क्रीमच्या दुकानासमोर, फायबरची हिरवीगार मगर ठेवलेली. जबड्यात अर्धवट चावलेलं कासव, त्याची लोंबणारी लाल आतडी, आणि ओठांवरून, हो, ओठ दिलेत तिला, चकचकीत लाळ गळतेय. मोटरवर जबडा डावी-उजवीकडे फिरतो, म्हैस रवंथ करते तसा. लोक आपली पोरं तिच्या तोंडात बसवून फोटो काढत होते. तिच्या जिभेवर कुणीतरी उष्टा कोन चिकटवलेला, त्यावर माश्या. शी! तुम्ही असता तर तिच्याभोवती एक फेरी मारून एवढंच विचारलं असतंत की हिला चावून खाता येतं हे हिला कोणी सांगितलं.

तुमच्याकडून शिकले ते खरं तर याहून किळसवाणं होतं, पण ते खरं होतं. या मगरी घास चावून खात नसत. बारीक लांब तोंडाच्या होत्या त्या मासे आणि माकूळ पकडून अख्खे गिळायच्या, पुढचं काम पोटातल्या आम्लाचं. रुंद जबड्याच्या होत्या त्या मोठ्या जनावराचा लचका तोडायच्या. बोथट दातांच्या काही कासवाची पाठ फोडायच्या, ते कासव मॉलवाल्यांनी भलत्याच तोंडात कोंबलंय. काहींच्या डोळ्यांपुढे मिठाच्या मोठ्या ग्रंथी, त्यांतून खारट पाणी सारखं बाहेर पडायचं. तुम्ही हे डबा खाता खाता सांगायचात. मी मात्र पोळीचा घास तोंडात फिरवत बसायचे.

तुमचं डोंबिवलीचं घर आठवलं तरी अजून अंगावर काटा येतो. गॅलरीत स्टोव्हवर जुनं पातेलं, त्यात बोकडाची मुंडी शिजतेय, वर करडा फेस येतोय, आणि तुम्ही पळीने तो काढून टाकताय, डाळीवरचा काढावा इतक्या सहज. डोळा सुटून वर येतो. मी नाकाला ओढणी लावते. तुम्ही माझ्याकडे न बघताच म्हणता, "अगं, नाक दाबून हाड कळत नाही." मग मांस सुटलेली कवटी माझ्या हातात देता, गरम, बुळबुळीत, आणि जुन्या टूथब्रशने घासायला लावता. दोन दिवस माझ्या केसांना तो वास होता. आई म्हणाली, कॉलेजात शिकतेस की खाटकाकडे लागलीस.

आमचा टिटवाळ्यात गणपतीचा कारखाना होता हे तुम्हाला माहीत होतं. सीझनला घरातलं प्रत्येक माणूस हातात ब्रश घेऊन बसायचं, म्हणून त्या वर्षीही गणपतीआधीचा महिनाभर मी कॉलेजला फिरकलेच नाही. नेमक्या त्याच दिवसांत तुम्ही वर्गाला कवटीवरची भोकं शिकवलीत. कानशिलावर बोटं ठेवून सगळ्यांना दात दाबायला लावलेत, म्हणालात, हे हलतंय ना, तोच स्नायू तोंड मिटतो, आणि या मगरींच्या डोळ्यांमागे डोक्यावर दोन मोठाली भोकं असतात ती त्याच स्नायूला जागा म्हणून. हे मला मैत्रिणीकडून कळलं, पण फार उशिरा. मी परत आले तेव्हा कागदाच्या लगद्याची, तुम्ही केलेली मगरीची हातभर कवटी तयार होती, दुसऱ्या दिवशी प्रदर्शन होतं, आणि तुम्ही म्हणालात, तुझा हात चांगला आहे, रंग तू दे.

लॅबमध्ये मी एकटी. कवटी फिरवून बघते तर डोक्यावर दोन भगदाडं. आमच्या कारखान्यात मूर्तीवर सुईएवढं भोक राहिलं तरी बाबा हातातलं काम सोडून यायचे. खंडित मूर्ती कुणी घरी नेत नाही, ती भरायची, घासायची, मगच रंग, हे मी चालायला लागल्यापासून बघितलेलं. मला वाटलं, मॅडमकडून राहून गेलं, घाईत असतील. भेगा बुजवायची पांढरी लांबी मळली, दोन्ही भोकं भरली, ओल्या पॉलिश पेपरने अशी घासली की सांधा कुठे ते माझं मलाही दिसेना. वरून हाडाचा रंग. घरी जाताना मी स्वतःवर खूश होते, मॅडम. तुम्ही शाबासकी द्याल असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून आलेल्या त्या पाहुण्या प्राध्यापकांनी कवटीवरून हात फिरवला आणि सगळ्यांदेखत हसत म्हणाले, बाई, हिने तोंड मिटायचं कसं? तुम्ही बघितलंत. तुमचा हात त्या गुळगुळीत जागेवर गेला आणि तिथेच राहिला. मग म्हणालात, "माझी चूक झाली." बस्स, एवढंच. ते गेल्यावर वर्गात विचारलंत, कोणी केलंय ते सांगा, मी रागावणार नाही. लॅबला कुलूप नसायचं, कुणीही केलेलं असू शकत होतं; मी खाली बघत होते. माझ्या नखांत पांढरी लांबी तशीच होती. तुम्ही नंतर भोकं पुन्हा उघडायला गेलात तर कवटी मधोमध चिरली. त्यानंतर तुम्ही दुसरी केली नाहीत.

शेवटची परीक्षा झाली त्या दिवशी तुम्ही मला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी दिलंत. लाकडी मुठीची कोरणी होती. म्हणालात, "भरायला तुला छान येतं. आता कोरायला शीक."

आज मॉलमध्ये माझ्या एका विद्यार्थिनीने त्या फायबरच्या मगरीच्या डोक्यावर हात फिरवला आणि विचारलं, मॅडम, हिची भोकं कुठायत? मी पटकन बोलून गेले, कुणा गाढवाने बुजवली असतील. सगळी हसली. मीही हसले, चांगली मोठ्याने. आणि मग मला माझीच इतकी किळस आली की तेवढी त्या लाळेची, त्या माश्यांचीही आली नव्हती. पोरं आइस्क्रीम घ्यायला गेली, मी तिथेच उभी राहिले, आणि माझी बोटं आपोआप कानशिलावर गेली.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, त्यामुळे ते कोरणीच्या खणातच राहणार. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मॅडमना कळलंच नव्हतं, मग गेलेल्या माणसाला आता कशाला त्रास. खोटं आहे ते. भोकं मी बुजवली होती, मॅडम, आणि तुम्हाला ते माहीत आहे हे कोरणी हातात घेतली तेव्हाच मला कळलं होतं. तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे बघत थांबलातसुद्धा. मी फक्त थँक्यू म्हणाले.