धारेच्या वेळचा थेंब

प्रिय आक्का,

आज सकाळी सहाला मी डोळ्यात पहिला थेंब टाकला. निम्मा गालावरून ओघळला. तुझा एकही कधी वाया गेला नाही! तू जाऊन वर्ष होत आलं, आणि काल कुठे मी डोळे दाखवून आलो. मलाही काचबिंदू आहे. म्हणून तुला लिहितोय.

नव्वदच्या दशकातलं ते आठवतं? डावीकडचं भांडं तुझ्या धक्क्यानं पडायचं. मी खेकसायचो, "बघून चाल की!" तू म्हणालीस, "कडंचं दिसंना झालंय रं." आणि गावोगाव अंधश्रद्धेवर घसा फोडणारा तुझा हा भाऊ काय म्हणाला? "मोतीबिंदू हाय. पिकू दे, मग काढू." सगळे हेच म्हणत होते. मी तरी वेगळं म्हणायला नको होतं का?

तू दोन वर्षं थांबलीस. मग कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा मोतीबिंदू नव्हेच. डोळ्यातला दाब वाढून आतली नस वाळली आहे. मोतीबिंदू काढला की नजर येते. काचबिंदूनं नेलेली परत येत नाही. उजवा डोळा तेवढा औषधानं राखता येईल.

मी मान खाली घातली. तू विचारलंस, "थेंब किती येळा?"

"बारा-बारा तासांनी. जन्मभर," डॉक्टर म्हणाले.

"म्हंजे म्हशीच्या धारंगतच की!"

काय तुझी शिस्त! सकाळची धार, थेंब. संध्याकाळची धार, थेंब. माझ्या लेकीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी तू आत जाऊन थेंब टाकून आलीस. पुढं म्हैस विकली, पण वेळ मोडली नाहीस.

आणि पेठ वडगावचं ते मोतीबिंदूचं शिबिर! रांगेतल्या एका म्हाताऱ्याला तू अडवलंस. "पावणं, डोळ्याचं प्रेशर तपासलं का?"

"प्रेशर? मी काय कुकर हाय व्हय?"

"कुकरची शिट्टी तरी वाजतीया. ह्येची वाजत न्हाय, गप डोळा घिऊन जातंय!"

रांग हसली, आणि तो मुकाट्यानं तपासून घ्यायला गेला. माझ्या कुठल्या भाषणानं एवढं केलं?

मलाही बजावायचीस, "पाठच्या भावंडालाबी असतंय, दाखीव." मी सभांची कारणं सांगायचो. दोन शिव्या का हासडल्या नाहीस गं?

माझी कडेची नजर थोडी गेली आहे. उरलेली राखता येईल, असं डॉक्टर म्हणतात. मला ते पटतं. जायच्या आदल्या दिवशी तू त्याच उजव्या डोळ्यानं सुईत दोरा ओवला होतास.

आक्का, शब्द देतो. सभा कितीही रंगलेली असो, संध्याकाळी सहाला मी बोलणं थांबवेन, सगळ्यांसमोर थेंब टाकेन आणि तो कशासाठी ते सांगेन. "पिकू दे" मी मोठ्यानं म्हणालो होतो. हेही तेवढ्याच मोठ्यानं म्हणेन.

तुझा पाठचा,
बाळू