हजारातली किती पोचली

३ फेब्रुवारी
आज रुजू झाले! एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढलीत, आता घरी बसून गंजू नका, ग्रेसीचेच्ची, असं म्हणत, शाळेपासून मला चेच्ची, म्हणजे ताई, म्हणणाऱ्या सिस्टर बेनिटांनी वृद्धाश्रमाची व्हिडिओ-खोली माझ्या हवाली केली. शाळेत असताना याच खोलीत आम्ही दोघी भरतकाम शिकलो. खिडकीतून पंबा नदी तशीच दिसते. सकाळी सातपासून अम्मच्च्या, म्हणजे इथल्या आज्या, तोंडाला पावडर लावून रांगेत बसतात. मुलं टोरांटोला, डब्लिनला, मेलबर्नला. सगळ्याजणी तेच सांगतात: मी छान आहे, जेवले, औषध घेतलं, रजा वाया घालवू नकोस. दुखणं मुलांच्या कानावर घालायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी मात्र ती मोडली. छातीतली गाठ, दोन मार्चचं ऑपरेशन, सगळं शेरिनला सांगून टाकलं. पोरगी सत्तावीसला कॅल्गरीहून येतेय. सहा वर्षांनी!

६ फेब्रुवारी
चित्र अडखळतं अशी तक्रार होती. चेहरा नि आवाज तुकडे होऊन लहान लहान पाकिटांतून जातो. काही पाकिटं वाटेत गहाळ होतात. हजार पाठवून मोजली. वीस गहाळ. वायर बदलली, भिंतीवरचा इंटरनेटचा डबा बदलला. गळती तेवढीच, आणि तीही कॉम्प्युटरपासून त्या डब्यापर्यंतच्या दहा फुटांत. मरियक्कुट्टी अम्मच्चीचा मुलगा बिजोय टोरांटोला याच कामात आहे. त्याला त्याच्या टोकाला मोजायला लावलं, तर तिकडे हजारच्या हजार पोचली होती. सिस्टर म्हणाल्या, गणितात तुम्ही तेव्हाही कच्च्याच होतात.

११ फेब्रुवारी
अम्मच्चीच्या कॉलला तीनशे दहा गहाळ. बिजोयकडे पूर्ण हजार. पण ती आज सारा वेळ मान टाकून झोपली होती, एक शब्द बोलली नाही. बिजोयची माफी मागायला मी पुढे झाले, तर तो खो खो हसत होता. म्हणाला, ग्रेसी आंटी, आज अम्मच्ची भलतीच रंगात आहे, माझ्या बायकोच्या मीनकरीला, माशाच्या कालवणाला, गुळाचं पाणी म्हणाली.
ती तीनशे दहा कुणी भरली?

१६ फेब्रुवारी
सकाळी आठला, कॉल चालू असतानाच, मरियक्कुट्टी अम्मच्ची गेली. गहाळ हजार. पोचली हजार.
बिजोय येईपर्यंत तिला फ्रीझरपेटीत ठेवलं. पण फोनवर कळवलं तर तो भडकला. ही कसली थट्टा, सिस्टर? आत्ताच तर म्हणाली, मी छान आहे, रजा वाया घालवू नकोस. सिस्टरांनी कॅमेरा पेटीवर धरला. तो म्हणाला, दिसतेय की, पावडर लावून बसलीये.
तो येणार नाही.
चारच वाक्यं. शिकायला कुणाला कितीसा वेळ लागणार?
खोलीला कुलूप लावा म्हटलं. सिस्टर म्हणाल्या, बाकीच्या मुलांना काय सांगू?

१९ फेब्रुवारी
शेरिनशी बोलले. नंतर मोजलं. ऐंशी गहाळ.
स्वयंपाकघरातल्या एल्सीला हाक मारली. दुसऱ्या हाकेला वळली. म्हणाली, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता, चेच्ची?

२१ फेब्रुवारी
चारशे. मोबाइलवरून शेरिनला लिहून पाठवलं: लवकर ये. उत्तर आलं: बरं अम्मा, तू म्हणशील तसं.
तिकडे मी काय म्हणाले?

२३ फेब्रुवारी
सातशे. मी ओरडले— ये, मोळे, ये पोरी, मला भीती वाटतेय. ती मान डोलावत ऐकत होती. मी गप्प झाले तरी ऐकतच होती. मग डोळे पुसून हसली. गाठ साधीच निघाली, हे आधी नाही का सांगायचं, अम्मा? तिकीट रद्द करते, म्हणाली.
एल्सीला पाच हाका. वळली नाही.

२४ फेब्रुवारी
सिस्टरांच्या पुढ्यात उभी राहिले— त्या खिडकीकडे बघत— माझ्यातून—
वायर उपटली. डबा फोडला. पडदा चालूच.
नऊशे चाळीस.
शेरिन गालाला हात लावून ऐकतेय. लहानपणी झोपताना ऐकायची, तशी. किती सुखात—
मोळे, ती मी नाही. मी इथे— या बाजूला— इकडे बघ, मो—
नऊशे नव्व