खाजणाचा कैवारी

१४ जानेवारी, सकाळ
आजपासून रोज लिहिणार. चळवळीतल्या माणसाने नोंदी ठेवाव्यात, आणि आज चहा आणि आंघोळ यांच्यामध्ये मी चळवळीत पडलो.

कारण: आमच्या सोसायटीसमोर, रस्त्यापलीकडे खाजणाच्या काठावर बोर्ड लागलाय. ‘मँग्रोव्ह मिस्ट. सतरा मजली पाच टॉवर. होऊ घातलेल्या जेट्टीपासून चालत पाच मिनिटं.’ बोर्डावर एक गोरी बाई फ्लेमिंगोच्या गळ्यात हात टाकून उभी आहे.

खाजण म्हणजे काय साधी जागा? भरतीचं पाणी, तिवरं, चिखल, चिंबोऱ्या, बगळे. पृथ्वीचं मूत्रपिंड! हे मी व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं होतं आणि तेव्हाच पटलं होतं.

टॉवर झाले की आमच्या गॅलरीतून समुद्र दिसणार नाही, हा मुद्दा अगदी गौण. तो मनातसुद्धा आला नाही. आला तो बोर्ड वाचून झाल्यावर.

बायको मृणाल म्हणाली, वास येतो म्हणून खाजणाकडची खिडकी तीन वर्षं कोण बंद ठेवायला लावतं? आणि डास होतात, ते बुजवा, असा अर्ज ग्रामपंचायतीत कोणी दिला होता?

माणूस वाढतो. बायकांना हे कळत नाही.

१६ जानेवारी
‘पाणथळ बचाव समिती’ स्थापन. अध्यक्ष मी. सचिव खालच्या मजल्यावरच्या फिरोजा मॅडम. शाळेत गणित शिकवतात, नवरा कुवेतला. म्हणाल्या, नाव घाला, पण मीटिंगला बोलवू नका. खजिनदार मृणाल. तिला अजून सांगितलेलं नाही.

२ फेब्रुवारी
संकल्प: रोज पहाटे पक्षीगणना.

३ फेब्रुवारी
उठलो नाही. थंडीत पक्षीही उशिराच उठत असणार.

५ फेब्रुवारी
दुर्बीण आली. दुपारभर गॅलरीत. पुष्कळ पक्षी. पांढरे, काळे, आणि पांढरे-काळे. नावं नंतर.

संध्याकाळी नीराबाई चिंबोऱ्या घेऊन आल्या. खाजणातच धरतात. त्यांना समजावलं की हा जीव वाचवायला हवा. त्या म्हणाल्या, “सायब, मंग आज देऊ का न्हाय?” म्हटलं, आज द्या. आता धरल्याच आहेत तर. कालवण उत्तम झालं होतं.

११ फेब्रुवारी
मोठा शोध! पहाटे (म्हणजे साडेनऊच्या सुमारास) खाजणाच्या दिशेने एक अनोळखी साद. तीन लांब शिट्ट्या, मग शांतता, मग परत एक. मोबाईलवर रेकॉर्ड केली. स्थलांतरित असावा. सैबेरिया? नोंदीत ‘अतिदुर्मिळ’ असं लिहून टाकलं.

१३ फेब्रुवारी
सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना साद ऐकवली. मग फिरोजा मॅडम म्हणाल्या, “हा माझा कुकर. तिसऱ्या शिट्टीनंतर फहादने फोन केला म्हणून गॅस बारीक केला होता.” फहाद त्यांचा मुलगा, पुण्याला शिकतो.

लोक फार हसले. हसू देत. पक्ष्याने कुकरची नक्कल केलेली असू शकते, ही शक्यता कोणी तपासलीच नाही.

२७ फेब्रुवारी
बिल्डरच्या पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत ठेवलाय. मूळ अहवाल उशीएवढा आहे. मी अभ्यासू माणूस, म्हणून सारांशच वाचला.

मशीनने केलेलं भाषांतर दिसतं. ‘मडफ्लॅट’चं मराठी केलंय ‘चिखलाची सदनिका’. वाक्य असं: ‘भरतीच्या वेळी बुडणाऱ्या चिखलाच्या सदनिकांवर परिणाम नगण्य राहील.’ पुढे ‘ट्रान्झिट’चं केलंय ‘संक्रमण’: जेट्टी आणि एसटी स्टँड जवळ असल्याने ‘हा प्रकल्प संक्रमणाच्या अगदी जवळ आहे.’ शेजारी बसून ऐकणाऱ्या ठमाबाई म्हणाल्या, “संक्रांत तर व्हऊन गेली की.”

अलीमियाँही आले होते. जमीन त्यांच्याच भाऊबंदांची, मागेच विकलेली. त्यांनी गंभीरपणे विचारलं, चिखलाच्या सदनिका बुकिंगला कधी निघणार? सस्त्यात असतील तर जावयासाठी बघतो.

अलीमियाँना समजावलं की टॉवर झाले तर सगळं संपलं. ते म्हणाले, “सुजितभाय, तुमचं बरोबर हाय. पण फातिमाला तपासायला मुंबईला न्यायचं तर तीन गाड्या बदलायला लागतात. ती गाडीत उलट्या करते, मी तिचं डोकं धरतो. टॉवर आले तर जेट्टी येईल. जेट्टी झाली तर एका बोटीत बसवीन. आता सांगा, मी बगळा बघू की बायको?”

यावर माझ्याकडे उत्तर होतं. ते रात्री सुचलं. सकाळी आठवेना.

८ मार्च
जनसुनावणीतल्या भाषणाची तयारी. चाळीस मिनिटांचं होतंय. काहीच कापता येत नाही, सगळंच महत्त्वाचं.

१० मार्च
बिल्डरच्या कंपनीचा परेश घरी आला. तिशीतला, सभ्य, घाम पुसत होता. चहा प्यायला. म्हणाला, काका, उद्या जनसुनावणीत काय हवं ते बोला, टॉवर कमी करा म्हणा, बाग मागा. फक्त जुना नकाशा काढून खाजणाची हद्द मोजा, असं म्हणू नका. त्यात आपल्या दोघांचंही—

मी त्याला तिथेच तोडलं. म्हटलं, आपल्या दोघांचं काही नाही. मी विकला जाणारा माणूस नाही. तो म्हणाला, मी काही देतच नाहीये काका, नुसतं सांगतोय, तुमची सोसायटी माझ्या वडिलांनीच—

दार दाखवलं. चहाचा कप त्याच्या हातातच राहिला. तो जिन्यावर ठेवून गेला.

घाबरलाय. म्हणजे दुखरी नस जुना नकाशा हीच! भाषण बदललं.

११ मार्च
ऐतिहासिक दिवस.

शाळेच्या पटांगणात मांडव. स्टेजवर जिल्ह्याचे साहेब, पंखा, बिसलेरी. गावातल्या कोंडाजींनी विचारलं, गावातल्या पोरांना काम मिळणार का. फिरोजा मॅडमनी विचारलं, आत्ताच दिवसाआड पाणी येतं, पाच टॉवरना कुठून देणार. त्यांना टाळ्या पडल्या. विषयाशी संबंध नसताना.

मला दोन मिनिटं दिली. दीड मिनिट प्रस्तावनेतच गेलं. मग मी थेट मुद्द्यावर आलो. म्हटलं, “साहेब, आधी जुना नकाशा काढा! खाजणाची खरी हद्द मोजा! रस्त्याच्या अलीकडे, पलीकडे, कुठेही जाऊ दे, कोणालाही सोडू नका!”

साहेब इतका वेळ डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी डोळे उघडले आणि लिहून घेतलं. ‘दोन्ही बाजू?’ असं विचारलंही. मी म्हटलं, “दोन्ही! बेधडक!”

परेशने कपाळावर हात मारला. पराभवाचा चेहरा कसा असतो ते जवळून पाहिलं.

२४ एप्रिल
मोजणी मंजूर. माझ्या मागणीवरून. मृणालला म्हटलं, बघ. ती वाटाणे सोलत होती. बघितलं नाही.

१९ मे
मोजणीची टीम आली. प्रज्योत नावाचा तरुण तज्ज्ञ, दोन मदतनीस, लाल झेंड्या. मी शाल, श्रीफळ आणि सरबत तयार ठेवलं होतं.

ते खाजणाच्या काठाने झेंड्या रोवत निघाले. बोर्डावरच्या फ्लेमिंगोपर्यंत आले आणि तिथून सरळ पुढे न जाता वळले. मग रस्ता ओलांडला. मला वाटलं, माझ्या सत्काराला येतायत. पुढे जाऊन फाटक उघडून दिलं.

झेंडी वॉचमनच्या केबिनपाशी. झेंडी फिरोजा मॅडमच्या कढीपत्त्याच्या कुंडीत. झेंडी पार्किंगमध्ये. मग प्रज्योतने माझ्या गाडीशेजारची फरशी उचकटायला लावली, परवानगीचा कागद दाखवून. खाली काळाभोर चिखल, बुडबुडे येणारा. आणि त्यातून एक चिंबोरी बाहेर आली. नांगी वर करून तिने सभोवार पाहिलं आणि माझ्या गाडीखाली निघून गेली.

प्रज्योत आनंदाने म्हणाला, “वा! अजून जिवंत आहे!”

मीही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या कोणीच वाजवल्या नाहीत. शाल त्याने घेतली नाही, म्हणाला उकडतंय.

२० मे
शेवटची झेंडी आमच्या बी विंगच्या जिन्याखाली आहे. तात्पुरती असावी.

२ जुलै
निकाल आला. तपशील:

मँग्रोव्ह मिस्टला सशर्त मंजुरी. टॉवर पाचाचे तीन, आणि खाजणापासून मागे, जेट्टीकडच्या उंच जमिनीवर. सांडपाण्याची सोय, तिवरांना हात नाही. म्हणजे माझ्या नव्वद टक्के मागण्या मान्य! गॅलरीतून समुद्र आता पूर्ण दिसणार!

आमची बी विंग खाजणाच्या हद्दीत, परवानगीशिवाय भराव टाकून बांधलेली. पाडायची आहे. म्हणजे गॅलरी राहणार नाही.

पहिली बाजू जास्त महत्त्वाची.

३ जुलै
मॅडम जिन्यात भेटल्या. मी हसलो. त्या म्हणाल्या, “सुजितभाई, माझ्या नवऱ्याने अठरा वर्षं वाळवंटात काढून हे घर घेतलंय. तुम्ही त्याला झेंडी लावलीत.” आणि दार लावून घेतलं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मोजल्या नाहीत.

मला जेवण गेलं नाही. दमट हवा आहे.

११ जुलै
नवी दिशा. ‘पाणथळग्रस्त रहिवासी समिती’ स्थापन. अध्यक्ष मी. सदस्य मी. निवेदनाचे मुद्दे: खाजणाला वास येतो, डास होतात, ते मुळात खाजणच नव्हे. पृथ्वीची मूत्रपिंडं पुष्कळ आहेत, इथे एक कमी झालं तर चालेल.

१८ जुलै
साहेबांना भेटून निवेदन दिलं. त्यांनी ओळखलं. म्हणाले, “तुम्हीच ना ते, दोन्ही बाजू बेधडक?” शिपायालाही बोलावून मला दाखवलं. निवेदन ठेवून घेतलं. चहा दिला. पंख्याने टेबलावरचे कागद उडत होते, त्यांच्यावर निवेदनाचंच वजन ठेवलं.

५ ऑगस्ट
परेशला फोन केला. सोसायटी त्याच्या वडिलांनी बांधली, त्यामुळे बी विंगच्या सगळ्यांना नव्या टॉवरमध्ये घर द्यायची अट त्याच्याच कंपनीवर आली आहे. टॉवर होईपर्यंत जेट्टीच्या वाटेवर पत्र्याचं संक्रमण शिबिर. तो शांतपणे म्हणाला, काका, त्या दिवशी हेच सांगायला आलो होतो. मी म्हटलं, मग स्पष्ट बोलायचंस ना. तरुण पिढीला मुद्देसूद बोलता येत नाही.

२६ ऑक्टोबर
सामान बांधतोय. मृणाल म्हणाली, दुर्बीण कशात ठेवू? म्हटलं, वर ठेव, लागेल. तिने भांड्यांच्या खोक्यात सर्वांत तळाला ठेवली.

तिला विचारलं, चिडलीस का? ती म्हणाली, नाही, मला जेट्टीकडे राहायला आवडेल, माणसं दिसतील. इथे तीन वर्षं मला तुझी पाठ दिसत होती.

हे तिने प्रेमाने म्हटलं असावं.

२ नोव्हेंबर
शिबिरात आलो. पत्र्याची खोली, पण नीट. शेजारी एसटी थांबते. अलीमियाँ बायकोला घेऊन भेटायला आले. फातिमाभाभींनी पोह्याच्या चिकवड्या आणल्या. अलीमियाँ म्हणाले, जेट्टीचे खांब रोवले बघा, पुढच्या दिवाळीला बोट. मला मिठी मारली. म्हणाले, तुम्ही मोजणी लावली म्हणून टॉवर जेट्टीजवळ सरकले आणि जेट्टीचं कामही लवकर आलं.

एकूण चळवळ यशस्वी.

आता नव्या सोसायटीची कमिटी होईल. अनुभवी अध्यक्ष लागेलच. निर्णय घेतला: आग्रह झाला तरच स्वीकारायचं. आभाराचे चार शब्द लिहून ठेवले.

९ नोव्हेंबर
शिबिराच्या मोकळ्या जागेत सगळ्या रहिवाशांची पहिली सभा. मला वेळ कळवली नव्हती. विसरले असणार. पोचलो तेव्हा लोक खुर्च्या उचलत होते.

फिरोजा मॅडम स्वतःहून जवळ आल्या. जुलैनंतर पहिल्यांदाच बोलल्या. म्हणाल्या, सुजितभाई, राग मानू नका. ठराव झालाय. नव्या सोसायटीत तुम्हाला कुठल्याही कमिटीत घ्यायचं नाही. पाण्याच्या नाही, गणपतीच्या नाही, पार्किंगच्याही नाही. एकमताने.

म्हटलं, एकमताने कसं? मृणालही बसली होती ना?

खोलीवर येऊन तिला विचारलं, तू हात वर केलास?

म्हणाली, दोन्ही.